महापालिकेच्या वहीत बाईचे तास कुठे आहेत?

(नांदेड आणि लातूर शहरांतील वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



पत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय 'महापालिकेचं अंदाजपत्रक' असा छापला आहे. तो वाचून मघाशी चहाच्या वेळी दोघी-तिघी म्हणाल्या, "ताई, आकड्यांचं आम्हाला काय कळतंय?" महिन्याच्या वीस तारखेनंतर पिठाचा डबा कसा भरायचा हे ज्या रोज ठरवतात, त्यांना आकडे कळत नाहीत हे काही मला पटत नाही. उधारी कुणाची, उसनं किती, सणाला काय राखून ठेवायचं, हे सगळं आपण तोंडी करतो. महापालिकाही तेच करते, फक्त अवघड शब्दांत लिहून ठेवते. तेव्हा आधी ते शब्द जरा सोडवून घेऊ.

नांदेड-वाघाळा महापालिका झाली १९९७ साली. लातूरची नगरपालिका होती, तिची महापालिका झाली २०११ साली. दोन्हीकडे दरवर्षी दोन कागद तयार होतात. एक, पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक. दुसरा, सरलेल्या वर्षात काय काम झालं याचा वार्षिक प्रशासन अहवाल. पहिल्या कागदाची वर्तमानपत्रात बातमी येते, 'इतक्या कोटींचं अंदाजपत्रक, करवाढ नाही'. दुसरा कागद बहुतेकींनी पाहिलेलाही नसतो. तो पाहायचा, कारण पहिल्यात काय करणार ते असतं आणि दुसऱ्यात काय केलं ते.

अंदाजपत्रकाच्या पुस्तकात प्रत्येक बाबीपुढे तीन-चार रकाने असतात. मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला, चालू वर्षाला किती धरले होते, त्यात मध्येच सुधारणा करून किती केले, आणि पुढच्या वर्षाला किती धरले. बातमी येते ती शेवटच्या रकान्याची. आपण बोट ठेवायचं ते पहिल्या रकान्यावर. महिलांच्या स्वच्छतागृहांसाठी पुढच्या वर्षी पन्नास लाख धरले असतील आणि प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात शून्य असेल, तर ते पन्नास लाख कागदावरचे आहेत. कधी कधी एखाद्या बाबीपुढे नुसते एक हजार रुपये दिसतात. त्याला टोकन तरतूद म्हणतात. लेखाशीर्ष बंद पडू नये म्हणून ठेवलेली ती सुपारी!

आता पैसा येतो कुठून? पूर्वी जकात होती. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली, तेव्हा लातूर नगरपालिकाच होती. नांदेडला २०१० मध्ये जकातीच्या जागी एलबीटी आला. जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि तोही संपला. त्याच्या बदल्यात राज्य सरकार महापालिकांना दरमहा भरपाईचं अनुदान देतं, दरवर्षी त्यात आठ टक्के वाढ धरून. म्हणजे आपल्या शहराच्या तिजोरीची मोठी किल्ली मुंबईत आहे. शहराच्या हातात राहतात घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांची भाडी आणि असंच किरकोळ. म्हणून मार्च आला की वसुलीची पथकं फिरतात आणि त्यांच्यापुढे दारात उभी असते ती बाई, कारण पुरुष कामावर गेलेला असतो. नळ तोडण्याची धमकी तीच ऐकते. घर मात्र बहुतेक वेळा तिच्या नावावर नसतं.

खर्चाची बाजू बघू. महापालिका कायद्याच्या ६३व्या कलमात महापालिकेची बंधनकारक कामं दिली आहेत. पाणी, साफसफाई, नाल्या, रस्त्यावरचे दिवे, सार्वजनिक संडास-मुताऱ्या, दवाखाने. ६६व्या कलमात ऐच्छिक कामं आहेत, म्हणजे वाटलं तर करा. या ऐच्छिक यादीत काय आहे बघा. प्रसूतिगृहं आणि बालसंगोपन केंद्रं! गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना दूध देणं, तेही त्यातच. कायदा १९४९ चा आहे. गटार वाहतं ठेवणं सक्तीचं आणि बाळंतपण मर्जीचं, ही वाटणी तेव्हा ज्यांनी केली त्यांच्यात बाया किती होत्या हे सांगायला नको. पंच्याहत्तर वर्षं उलटून गेली तरी ही यादी बदला अशी मागणी आपणही पुरेशा जोरानं केलेली नाही.

आता लातूरबद्दल बोलते. नांदेडच्या मैत्रिणींनी जरा धीर धरावा.

२०१६ चा उन्हाळा इथल्या कुणीही विसरलेलं नाही. धनेगावचं मांजरा धरण मृतसाठ्यात गेलं, नळ बंद पडले. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती आणि टँकर भरण्याच्या जागी जिल्हाधिकाऱ्यांनी १४४ कलम लावलं. पाचांपेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही. आणि पाण्याला जमतं कोण? घागरी घेतलेल्या बायाच की! मग १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी झाली, खेपेला पंचवीस लाख लिटर. ऑगस्टपर्यंत ती चालली. फोटो निघाले, गाडीला 'जलदूत' नाव पडलं, हार घातले गेले.

मे महिन्यात रेल्वेनं या वाहतुकीचं बिल काढलं. सुमारे ६ कोटी २० लाख लिटर पाण्याचे जवळपास ४ कोटी रुपये. म्हणजे लिटरमागे साधारण ६५ पैसे. हे बिल निघालं याबद्दल त्या वेळी बरीच टीका झाली. मला मात्र त्यात एक गोष्ट शिकण्यासारखी वाटते. रेल्वेला आपल्या प्रत्येक किलोमीटरचा हिशेब माहीत होता, म्हणून ती बिल करू शकली. मिरज ते लातूर पाणी आलं त्याची किंमत निघाली. टँकरपासून चुलीपर्यंत तेच पाणी बाईनं डोक्यावर आणलं, त्याचं बिल कुणी कुणाला पाठवलं?

आपण पाठवू या. समजा एका गल्लीत चाळीस घरं आहेत. प्रत्येक घरातली एक बाई किंवा पोरगी पाण्याची वाट बघणं, भरणं, वाहणं आणि साठवणं यात रोज सरासरी दोन तास घालवते. चाळीस घरांचे ऐंशी तास झाले. आठ तासांचा एक दिवस धरला तर रोज दहा बायांची पुरी हजेरी. मजुरी चारशे रुपये धरा. दिवसाला चार हजार, महिन्याला एक लाख वीस हजार. एका गल्लीचे वर्षाला चौदा लाखांच्या वर! हे पैसे पाणीपुरवठ्याच्या कुठल्याही लेखाशीर्षात नाहीत. नळ आठवड्यातून एकदा सोडून महापालिका विजेचा, पंपाचा, वॉल्व्हवाल्याचा जो खर्च वाचवते, त्याचा बोजा या ऐंशी तासांवर टाकलेला असतो. मी त्याला बचत म्हणायला तयार नाही.

हे तास मी माझ्या मनानं धरले आहेत. तुमच्या गल्लीचे तुम्ही मोजा. पोरीची शाळा बुडली तर तेही लिहा. रात्री दोनला नळ आला आणि सकाळी धुण्याभांड्याच्या कामाला उशीर झाला म्हणून मालकिणीनं खाडा धरला, तर तोही लिहा. शिकवणीसाठी लातूरला येणाऱ्या मुलींच्या वसतिगृहात पिण्याच्या पाण्याचे जार विकत घेतले जातात, ते पैसे बाप भरतो, पण तेही शहराच्या पाण्याचेच पैसे आहेत. २०२४ पासून लाडकी बहीण म्हणून पंधराशे रुपये खात्यावर आले. पाणी विकत घेणाऱ्या घरांत त्यातले किती टँकरला आणि जारला गेले, हाही एक मोजण्यासारखा प्रश्न आहे.

पैसे नाहीत तर खासगी कंपनीला द्या, असं लगेच कुणी तरी म्हणतं. लातूरनं तेही केलेलं आहे. २००८ मध्ये जीवन प्राधिकरणानं शहराचा पाणीपुरवठा दहा वर्षांसाठी खासगी कंपन्यांच्या एका गटाला दिला. मीटर आणि दरवाढीला लोकांनी विरोध केला. तो करार मुदतीपर्यंत नीट चालला नाही. धरणात पाणी नाही, जलवाहिन्या जुन्या, अशा शहरात मीटर बसवून काय वाढणार होतं? बिल वाढलं असतं.

नांदेडचं चित्र वेगळं आहे. गोदावरी दारात, विष्णुपुरीचा जलाशय जवळ. आणि २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानं, जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानातून या शहरात जेवढा पैसा आला तेवढा मराठवाड्यातल्या दुसऱ्या कुठल्या मध्यम शहराच्या वाट्याला क्वचितच आला असेल. रस्ते झाले, घाट झाले, गरिबांच्या घरांची योजना आली. तो झाला भांडवली खर्च, आणि त्यातला मोठा वाटा दिल्लीचा. पण बांधलेलं चालवायला दरवर्षी लागतो तो महसुली खर्च, आणि तो आपल्या घरपट्टीतून येतो. स्वच्छतागृहाची कोनशिला भांडवली असते. त्याचं पाणी, दिवा, कडी, तिथं बसणारी बाई, हे सगळं महसुली. कडी तुटलेली, दिवा नाही, पाणी नाही असं स्वच्छतागृह अहवालात 'बांधकाम पूर्ण' म्हणूनच मोजलं जातं. म्हणून देगलूर नाका असो की सिडको, किती बांधली हे विचारून थांबू नका. देखभालीवर किती खर्च केला ते विचारा. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथं दिवसभर भाजी घेऊन बसणाऱ्या मावशीला विचारा, या सोळांपैकी कुठल्या रस्त्यानं गेलं म्हणजे संडास सापडतो. मुंबईत २०११ पासून 'राईट टू पी' म्हणून मोहीम उभी राहिली, तिची सुरुवात अशाच मोजणीनं झाली. बायांसाठी मोफत मुताऱ्या किती आणि पुरुषांसाठी किती, एवढंच आधी मोजलं गेलं.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. आस्थापना खर्च, म्हणजे पगार आणि भत्ते, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांवर जाऊ नये असा सरकारचा दंडक आहे. तो ओलांडला की नवी पदं भरता येत नाहीत. मग झाडू मारायला, घंटागाडीवर, नाल्या काढायला माणसं येतात ती ठेकेदाराकडून. त्यांचा पगार 'आस्थापना' मध्ये दिसत नाही. तो दिसतो घनकचरा व्यवस्थापनाच्या ठेक्यात, गाड्या आणि डिझेलच्या शेजारी. पहाटे रस्ता झाडणारी बाई त्या पुस्तकात माणूस म्हणून मोजलीच जात नाही, ती एका निविदेचा भाग असते. किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी ठेकेदारानं दिला नाही, तर मूळ मालक म्हणून जबाबदारी महापालिकेवर येते. तेव्हा ठेक्याची रक्कम भागिले माणसं, हा भागाकार करून बघा आणि त्या बाईच्या हातात पडणाऱ्या रकमेशी ताडून पाहा. मधला फरक कुठे गेला हा प्रश्न सर्वसाधारण सभेत विचारण्याजोगा आहे.

महिला व बालकल्याणासाठी अंदाजपत्रकात पाच टक्के ठेवावे लागतात हे तुम्हाला माहीत आहे. तो निधी अखर्चित राहतो, नाही तर फेब्रुवारी-मार्चमध्ये घाईनं शिलाई मशीन, मेळावे आणि महिला दिनाचे मंडप यांत जातो. शिलाई मशीनला माझा विरोध नाही. पण पाच टक्क्यांवर भांडता भांडता उरलेले पंच्याण्णव टक्के पुरुषांचे, असं आपणच मान्य करून बसलो आहोत. पाणी, दिवे, कचरा, दवाखाने हेही महिला कल्याणच आहे. महाराष्ट्राचं पहिलं महिला धोरण १९९४ मध्ये आलं, त्याच्या आदल्या वर्षी ७४वी घटनादुरुस्ती अमलात आली. दोन्ही एकत्र वाचायला हव्या होत्या.

आणि आता सभागृहाचं. दोन्ही महापालिकांच्या निवडणुका २०१७ मध्ये झाल्या, मुदत २०२२ मध्ये संपली, आणि पुढची निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. मधली वर्षं प्रशासक होता. एरवी आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, स्थायी समिती तपासते, सर्वसाधारण सभा मंजूर करते. प्रशासकाच्या काळात मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. त्या तीन-चार वर्षांत घागर घेऊन जाब विचारायला जायचं तर जायचं कुणाकडे? कार्यालयाच्या दारातला शिपाईच आपला नगरसेवक झाला होता.

आता ७० पैकी ३५ जागा लातूरला आणि ८१ पैकी ४१ नांदेडला बायांच्या आहेत. काहींच्या सह्या त्यांचे मालक करतील, फोनही तेच उचलतील. हे आपण १९९० पासून बघत आलो आहोत. त्यावर हसणं सोपं आहे. मी म्हणते, तिच्या घरी जा, ती एकटी असेल अशा दुपारी जा, आणि अंदाजपत्रकाचं पुस्तक तिच्या स्वयंपाकघरात बसून तिच्याबरोबर वाचा. ते पुस्तक सदस्य म्हणून तिच्याच नावानं येतं. पहिल्यांदा निवडून आलेल्या बाईला त्या सभागृहात कुणी काही समजावून सांगत नाही. आपण सांगितलं तर ती प्रश्न विचारते.

कामाचं वेळापत्रक असं. करांचे दर फेब्रुवारीत ठरतात, अंदाजपत्रक मार्चपर्यंत. म्हणजे आपली मागणी डिसेंबरातच लेखी पोचली पाहिजे, मार्चमधला मोर्चा उशिराचा ठरतो. पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांकडून कामांच्या सूचना मागवते आणि त्यांना तरतूद देते. रकमा लहान असतात, फुटपाथ-बाकडीच जास्त होतात, पण मागण्याचा रस्ता आहे. आपण तोच हक्क नांदेड-लातूरला मागू. महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद झाली. तुमच्यापैकी किती जणी क्षेत्रसभेला गेल्या आहेत, हात वर करा बरं? एकही नाही. तेव्हा पहिलं पत्र त्याचंच द्यायचं.

मागच्या टेबलावर माहिती अधिकाराच्या अर्जाचे कोरे नमुने ठेवले आहेत. त्यात चारच मागण्या आहेत: मागील तीन वर्षांचे वार्षिक प्रशासन अहवाल, महिला व बालकल्याणाचा प्रत्यक्ष खर्च, सार्वजनिक स्वच्छतागृहांच्या देखभालीचा खर्च, आणि सफाईच्या ठेक्याची करारपत्रं. शेजारी रेघा मारलेल्या वह्या आहेत. तारीख, नळ किती वाजता आला, किती वेळ राहिला, पाणी कोणी भरलं, एवढे चारच रकाने. प्रत्येक वस्तीतल्या दोघींनी जेवणाआधी एक अर्ज आणि एक वही न्यावी. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीला हाताशी घ्या, मात्र तिचा अभ्यास बुडू देऊ नका. वह्या तीन महिन्यांनी परत आणायच्या आहेत.