'ध'चा 'मा'
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



नववीच्या स्नेहसंमेलनात आपण नारायणरावाच्या खुनाचा प्रवेश केला होता, आठवतंय? उंची जास्त म्हणून राघोबा मी. मिशी सारखी सुटत होती. 'काका, मला वाचवा' म्हणत नारायणराव माझ्याकडे धावला आणि पुढे बसलेली पाचवीची मुलं ओरडली, "अरे, तिकडे नको जाऊस!" सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात विचारलं, "राघोबाचा दोष किती?" मी तावातावाने म्हणाले, "त्याने 'धरावे' असंच लिहिलं होतं. 'ध'चा 'मा' आनंदीबाईने केला म्हणतात." बाई म्हणाल्या, "पुढे काय होणार ते पाचवीच्या पोरांना कळलं. राघोबाला कळलं नसेल?"

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात १८ वर्षांचा पेशवा मारला गेला. त्यावरून खाडिलकरांनी १९०९ मध्ये 'भाऊबंदकी' लिहिलं. रामशास्त्री देहान्त प्रायश्चित्त सांगणार, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं. तरी आपण बघतो. राघोबा स्वतःशी खरं कधी बोलणार, ते बघायला.

बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला फार वर्षं लागली. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. एका प्रोजेक्टचं टेस्टिंग अर्धवट होतं, तारीख डोक्यावर. टीममधल्या नव्या मुलाने मेलवर विचारलं, रिलीज करू का? मी लिहिलं, 'तुला योग्य वाटेल तसं कर.' तो काय करणार हे मला माहीत होतं. रात्री सिस्टिम बंद पडली. मीटिंगमध्ये मी तो मेल दाखवला. त्यात 'रिलीज कर' असं कुठेच नव्हतं. मुलाने फक्त माझ्याकडे पाहिलं. काही महिन्यांत तो नोकरी सोडून गेला.

त्या संध्याकाळी मुलुंड स्टेशनचा पूल चढताना पाचवीच्या मुलांचा तो ओरडा आठवला. तेव्हा सगळ्या सभागृहाला जे दिसत होतं, ते या वेळी मलाही दिसत होतं. मी फक्त अक्षरामागे लपले होते.

पुढे साहेबांना खरं सांगितलं, पण उशिरा. त्या मुलाला फोन करून माफी मागितली. "जाऊ द्या मॅडम," तो म्हणाला. ते जात नाही.

आता मी 'कर' किंवा 'करू नकोस' एवढंच लिहिते आणि खाली माझं नाव.

बाई, दोष राघोबाचाच होता.