आजचा घोट आणि उद्यांची विहीर

(महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



एसावाला भूक लागली होती. मसुरीच्या वरणासाठीं त्यानें आपला ज्येष्ठपणाचा हक्क विकून टाकला. त्याची भूक खोटी नव्हती. सौदा मात्र घातक होता. असले सौदे आपणही नित्य करितों; म्हणून आज याच विषयावर दोन शब्द बोलावे असें योजिलें आहे.

आपली वाघोली ज्या नगर रस्त्यावर वसली आहे, त्याच रस्त्यानें पुढें गेल्यास अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यांत हिवरे बाजार नांवाचें एक अवर्षणग्रस्त गांव. तेथील तरुण पोटासाठीं गांव सोडीत, मागें दारू व तंटे उरत. १९८९-९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाले, आणि पुढें ग्रामसभेनें स्वतःलाच बंधनें घालून घेतलीं : डोंगरावर गुरें मोकळीं सोडूं नयेत, झाडांवर कुऱ्हाड चालवूं नये, शेतीसाठीं कूपनलिका खोदूं नये, ऊंस लावूं नये.

शेवटचीं दोन बंधनें फार कठीण. ऊंस हें रोकड्या पैशाचें पीक, आणि कूपनलिकेचें पाणी कळ दाबतांच वर येतें. परंतु खडकांत खोल तें पाणी सांचावयास अनेक पावसाळे जावे लागतात. एकानें तें एका हंगामांत उपसलें, तर शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते. म्हणून गांवकऱ्यांनीं उतारावर चर खणले, बांध घातले, पाणी जिरूं दिलें. दरवर्षीं पाऊस मोजावा, आधीं पिण्याचें पाणी राखावें, आणि उरेल त्यावर पिकें ठरवावीं, असा शिरस्ता पडला. विहिरींना पाणी आलें, चारा व दूध वाढलें, बाहेर गेलेलीं कित्येक कुटुंबें परतलीं.

यांतून दोन गोष्टी घ्याव्या. नुसत्या नकारानें संयम टिकत नाहीं. नकाराच्या जागीं नित्याचें काम ठेवावें लागतें. ज्यांनीं ऊंस नाकारला, त्यांनींच चर खणले. शिवाय एकट्याचा निश्चय लौकर मोडतो. सर्वांनीं मिळून केलेला नियम तगतो, कारण शेजारी आपला वांटा उपसून नेईल ही धास्ती राहत नाहीं.

२०२१ सालीं वाघोली पुणें महानगरपालिकेंत सामील झाली. आतां मोबाईलवर बोट ठेवतांच वस्तु दारीं येते. तिचे हप्ते मात्र मागाहून येतात. लग्नाच्या एका रात्रीचा थाट कित्येक वर्षें फेडावा लागतो, आणि मुलाच्या शिक्षणाची वेळ येते तेव्हां हात रिकामे असतात. तेव्हां पगाराच्या दिवशीं खर्चाआधीं बचत बाजूस काढावी. रात्रीच्या प्रार्थनेनंतर अर्धा तास मोबाईल दूर ठेवून मुलांसह वाचन करावें. आणि लग्नखर्चाची मर्यादा सर्व कुटुंबांनीं एकत्र बसून याच वर्षीं ठरवावी. नाहींतर गरीब बाप श्रीमंताची बरोबरी करतां करतां बुडेल.

चर खणतांना भरलेली विहीर डोळ्यांसमोर नसते. आज आपण ज्या कार्याचा महोत्सव साजरा करीत आहों, त्याचा पाया घालणारे कित्येकजण तो पाहावयास उरले नाहींत. आपणही आपल्या मागून येणाऱ्यांसाठीं तेवढें करूं या.