जोते वर गेले, पाणी कुठे जाईल?

अध्यक्षाने सर्वांना गोड लागेल असेच बोलावे, हा संकेत मी आज पाळणार नाही. पुण्याच्या नदीप्रेमींचे भांडण इतकी वर्षे रेषांशी चालले आहे. पंचवीस वर्षांच्या पुराची निळी पूररेषा चुकली, शंभर वर्षांच्या पुराची लाल रेषा नदीकडे सरकली, ही तक्रार रास्तच आहे आणि ती उच्च न्यायालयातही गेली. पण समजा, उद्या दोन्ही रेषा अचूक आखल्या. राज्याची २०२० ची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली तरीही तशीच राहील. ती म्हणते, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये खुशाल बांधा, फक्त जोते लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर वर घ्या. म्हणजे इमारत कोरडी राहावी एवढीच चिंता! जोते उंच करायला बहुतेकदा भराव पडतो, आणि त्याने हटवलेले पाणी शेजारच्या सोसायटीत किंवा समोरच्या काठावर जाते. परवानगी एकेका भूखंडाची तपासली जाते. सगळ्या भरावांची बेरीज कुठल्याच फाइलमध्ये नसते.

२५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्याची एकतानगरी बुडाली. तेव्हा १९६१ सारखे पानशेत धरण फुटले नव्हते. खडकवासला धरणातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडले होते. तरी सांगितले जाते, लाल रेषेचा पूर शंभर वर्षांतून एकदाच येतो. चूक! दरवर्षी शंभरात एक, एवढीच ती शक्यता आहे. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ती अठरा टक्के भरते, आणि निळ्या रेषेच्या, पंचवीस वर्षांच्या पुराची पंचावन्न टक्क्यांवर जाते. हे गणित फ्लॅटच्या माहितीपत्रकात कोणी छापत नाही.

पुण्याच्या ४४ किलोमीटरच्या नदीकाठ प्रकल्पाचे समर्थक म्हणतात, गाळ आणि अडथळे काढले की नदीची वहनक्षमता वाढेल. अडथळे जरूर काढा. पण गाळ पुन्हा साचतो, भराव मात्र कायमचा राहतो. नेदरलँड्सने १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर नायमेखेनजवळ तटबंध ३५० मीटर मागे नेला. आपण काठ पुढे ओढतो आहोत. राहिला जमीनमालकाचा आक्षेप, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. त्याचा बांधकामाचा हक्क बुडवून नदी वाचवणे अन्याय्य आहे. पण रस्ता-बागेच्या आरक्षणाला टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) देणाऱ्या शहराला पूरमैदानासाठी तो का देता येऊ नये?

म्हणून अध्यक्षस्थानावरून हा ठराव मांडतो: लाल रेषेच्या आत जो जितका घनमीटर भराव टाकेल, त्याने त्याच नदीच्या त्याच टप्प्यात, त्याच पातळीवर तितकी जागा आधी मोकळी करावी, आणि हा हिशेब महापालिकेने जाहीर करावा. असा नियम होईपर्यंत एकही नवी परवानगी नको. अनुमोदन द्या, आणि उद्यापासून सूचना-हरकतींच्या प्रत्येक अर्जात ही मागणी लिहा.