माउंट होपमधील एक शिळा

(माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या स्नेहमेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



रणांगणात पडलेल्या वीराची शिळा उभारण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. गावाच्या वेशीवर, शिवालयाच्या आवारात उभे असलेले वीरगळ आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. बहुतेकांवर नाव नसते. तरीही येता-जाता माणसे हात जोडतात. आज मी ज्या शिळेविषयी बोलणार आहे, तिच्यावर नाव आहे, पण त्या नावामागची कथा जवळजवळ नव्वद वर्षे कुणाला ठाऊक नव्हती. ही शिळा कॅनडातील ओंटारियो प्रांतात, किचनर नगराच्या माउंट होप दफनभूमीत आहे. तिच्यावरचे नाव आहे शिपाई बुकम सिंग.

बुकम सिंगचा जन्म १८९३ साली पंजाबात, होशियारपूर जिल्ह्यातील माहिलपूर येथे झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे वयाच्या दहाव्या वर्षी प्रीतम कौर हिच्याशी त्याचा विवाह झाला. १९०७ साली, अवघ्या चौदाव्या वर्षी, तो समुद्र ओलांडून कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियात उतरला. ज्या वयात आपली मुले आठवी-नववीच्या वर्गात असतात, त्या वयात हा मुलगा परमुलखात पोट भरण्यास निघाला होता!

तेथे त्याचे स्वागत कसे झाले? त्याच वर्षी ब्रिटिश कोलंबियाने हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेतला. पुढच्याच वर्षी, १९०८ साली, नियम आला की मायदेशातून वाटेत न थांबता थेट प्रवास करून येणाऱ्यालाच प्रवेश मिळेल, आणि त्याच्या खिशात दोनशे डॉलर असले पाहिजेत. हिंदुस्थानातून कॅनडाला अशी थेट बोट मिळणेच दुरापास्त होते. नियमात हिंदी माणसाचे नाव कोठेही नव्हते, रोख मात्र त्याच्यावरच होता. परिणाम असा की, गेलेला पुरुष तिकडे आणि बायको-मुले इकडे, अशी कुटुंबे दुभंगली. प्रीतम कौर पंजाबातच राहिली.

या अपमानाचा सल तेथील शिखांना किती खोल होता, हे १९०९ च्या एका घटनेवरून कळते. त्यांच्यापैकी अनेकजण इंग्रजी फौजेतील निवृत्त सैनिक होते. व्हॅन्कूवरच्या गुरुद्वारात त्यांनी ठराव केला की, यापुढे साम्राज्याची पदके आणि गणवेश अंगावर घालायचे नाहीत. मग १९१४ चा उन्हाळा आला. ‘कोमागाता मारू’ जहाजातून ३७६ हिंदी प्रवासी व्हॅन्कूवरच्या बंदरात पोहोचले. दोन महिने त्यांना पाण्यातच अडवून ठेवण्यात आले आणि २३ जुलैला युद्धनौकेच्या धाकाखाली परत धाडण्यात आले. कलकत्त्याजवळ बजबज येथे उतरल्यावर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

जहाज परत फिरल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत पहिले महायुद्ध पेटले. बुकम सिंग तोवर ओंटारियोत जाऊन शेतमजुरी करीत होता. १९१५ च्या वसंतात तो कॅनडाच्या सैन्यात भरती झाला. त्या युद्धात कॅनडाच्या सैन्यातून लढलेल्या शिखांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

येथे आपल्या मनात एक प्रश्न उभा राहणे स्वाभाविक आहे, आणि तो टाळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. याच १९१५ साली, याच उत्तर अमेरिकेतून मायदेशी परतलेले गदर चळवळीचे तरुण इंग्रजी पलटणींत उठाव घडवू पाहत होते. त्यांत आपल्या पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरेचा विष्णु गणेश पिंगळे होता. मीरतच्या छावणीत तो पकडला गेला. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात तो आणि एकोणीस वर्षांचा कर्तारसिंग सराभा फासावर गेले. पिंगळे साम्राज्याविरुद्ध मरतो आणि बुकम सिंग साम्राज्याच्या बाजूने बंदूक उचलतो. मग आपण कोणाला वंदन करावे?

पिंगळ्यांचे स्थान आपल्या अंतःकरणात अढळ आहे, त्याची कोणाशी तुलना नको. पण बुकम सिंगला राजनिष्ठ म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. ज्या भूमीने त्याला मत दिले नाही, पत्नीला आणू दिले नाही, त्या भूमीचे अन्न त्याने खाल्ले होते. त्या अन्नाला तो जागला. त्याच्या मनात नेमके काय होते हे सांगणारा कागद आपल्यासमोर नाही. त्याची कृती तेवढी आहे.

१९१६ साली फ्लँडर्सच्या रणभूमीवर विसाव्या कॅनेडियन बटालियनमधून तो लढला. दोन वेळा जखमी झाला. ज्या रुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले, तेथे डॉ. जॉन मॅक्रे काम करीत होते. त्यांच्याच कवितेमुळे खसखशीचे तांबडे फूल पाश्चात्त्य जगात हुतात्म्यांच्या स्मृतीचे चिन्ह बनले. जखमा भरून येत असताना इंग्लंडमध्ये त्याला क्षयाने गाठले. त्याला कॅनडात परत आणले गेले, आणि २७ ऑगस्ट १९१९ रोजी किचनरच्या सैनिकी रुग्णालयात, पंचविसाव्या वर्षी, त्याने देह ठेवला. घरचे कोणीही उशाशी नव्हते. दैवदुर्विलास पाहा, हिंदी रहिवाशांना पत्नी-मुले आणण्याची मुभा कॅनडाने दिली ती त्याच १९१९ साली!

याच युद्धात इंग्लंडमध्ये ब्रायटन येथे जे हिंदू आणि शीख सैनिक मरण पावले, त्यांपैकी ५३ जणांना गावाबाहेरच्या टेकडीवर, त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी देण्यात आला आणि अस्थी समुद्रात विसर्जित झाल्या. तेथे उभारलेली शुभ्र संगमरवरी छत्री १९२१ पासून आजही उभी आहे. बुकम सिंगच्या वाट्याला ना चिता आली, ना वाहते पाणी. त्याचा देह मातीत ठेवला गेला. वर एक सैनिकी शिळा आली, नाव आणि पलटण सांगणारी.

त्यानंतर सारे विस्मृतीत गेले. २००७ साली संदीपसिंग ब्रार या शीख इतिहास-संशोधकाच्या हाती इंग्लंडमधील एका गहाणवटीच्या दुकानात एक जुने विजयपदक लागले. अशा पदकांच्या कडेवर सैनिकाचे नाव कोरलेले असते. त्या नावाचा माग काढीत ते कागदपत्रांतून माउंट होपच्या त्या शिळेपर्यंत पोहोचले. कॅनडातील शीख सैनिकाची पहिल्या महायुद्धातील ज्ञात असलेली ही एकमेव समाधी! तेव्हापासून नोव्हेंबरच्या स्मृतिदिनाच्या सुमारास शीख कुटुंबे मुलाबाळांसह तेथे जमतात. गणवेशातील सैनिक सलामी देतात, मस्तके झुकतात. जो मान १९१९ साली आप्तांच्या साक्षीने मिळायला हवा होता, तो असा नव्वद वर्षांनी मिळाला.

मे २०१६ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी ‘कोमागाता मारू’बद्दल संसदेत क्षमा मागितली. तेव्हा त्या देशाचे संरक्षणमंत्री होशियारपूर जिल्ह्यातच जन्मलेले एक शीख सैनिक, हरजित सज्जन, होते. त्यांच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतात, पण शंभर वर्षांत घडलेले हे अंतर डोळ्यांआड करता येणार नाही. मताधिकार १९४७ साली मिळाला, क्षमा २०१६ साली. या दोन्ही गोष्टी पाहायला तो शिपाई नव्हता.

बंधु-भगिनींनो, आता दृष्टी थोडी घराकडे वळवू. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाला ‘मिलिटरी’ हे बिरुद उगाच लागलेले नाही. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ वीर कामी आले. महाराष्ट्रातील कितीतरी गावांच्या भिंतींवर त्या युद्धाला गेलेल्यांची संख्या सांगणारे दगड आहेत. काहींवर चुन्याचे हात फिरले आहेत, काहींसमोर सायकली लावलेल्या असतात. आजोबा-पणजोबांची पदके किती घरांतून मोडीत गेली असतील, याचा हिशेब कोण मांडणार?

म्हणून आज एकच मागणे मागतो. घरी गेल्यावर जुनी पेटी उघडा. एखादे पदक, एखादे सेवापुस्तक सापडले तर ते जपून ठेवा. ज्याचे ते आहे, त्याचे नाव, गाव, पलटण एका वहीत लिहून काढा, आणि ती वही नातवाच्या हाती द्या. गावातला दगड धुऊन स्वच्छ करा. बुकम सिंगला त्याची माणसे भेटली, कारण पदकाच्या कडेवरची अक्षरे कुणीतरी वाचण्याचे कष्ट घेतले. आपल्या वीरांची अक्षरे वाचण्याचे काम आपले आहे.