मद्यपान : संवय कीं व्याधि?

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



उत्सवाच्या दिवशीं मद्यपानाचा विषय काढणें कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु ज्या मांडवांत आपण आज आनंदानें बसलों आहों, त्याच मांडवांत घरची चिंता मनांत दाबून बसलेल्या कांहीं माता व पत्नी आहेत, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्याकरितां मी चार शब्द बोलणार आहें. मद्य हें स्वभावतःच पाप आहे, असें माझें म्हणणें नाहीं. काना गांवच्या लग्नांत प्रभूनेंच द्राक्षारसाची उणीव भरून काढिली. माझा प्रश्न एवढाच कीं, पिणारा मनुष्य केव्हां आजारी समजावा, आणि त्यास उपचारांची गरज आहे हें आप्तांनीं कशावरून ओळखावें?

आपल्या लोकांत एक कसोटी पूर्वापार चालत आली आहे. राखेच्या बुधवारीं जो पेला खालीं ठेवितो व चाळीस दिवस त्यास शिवत नाहीं, तो कांहीं दारुडा नव्हे, असें आपण म्हणतों. माझे काका ह्या कसोटीस दरवर्षीं उतरत, आणि आम्हां घरच्यांस त्याचा अभिमान वाटे. पुनरुत्थानाच्या सणाच्या दिवशीं दुपारच्या जेवणापूर्वींच त्यांची बाटली उघडे, ती पुढील राखेच्या बुधवारपर्यंत मिटत नसे; इकडे मात्र आम्हीं लक्ष दिलें नाहीं. पुढें सकाळीं त्यांचा हात असा कांपूं लागला कीं, चहाची बशी ओठांशीं नेववेना. एक घोट पोटांत गेला म्हणजे तोच हात स्थिर होई. आम्हीं त्यास अशक्तपणा म्हटलें.

शेवटच्या वर्षीं त्यांनीं नेहमींप्रमाणें बुधवारीं दारू सोडिली. शुक्रवारीं रात्रीं त्यांस भिंतीवर किडे चालतांना दिसूं लागले, अंगास घामाच्या धारा लागल्या, घरच्या माणसांची ओळख पटेना. आम्हांस वाटलें, बाहेरची बाधा झाली. जपमाळ म्हणत आम्हीं रात्र काढिली. सकाळीं डॉक्टर आले तेव्हां उशीर झाला होता. त्या रात्रीं प्रार्थना केली हें चुकलें नाहीं. डॉक्टरास बोलाविलें नाहीं हें चुकलें.

ह्या अनर्थाचें कारण वैद्यकशास्त्रास चांगलें अवगत आहे. मद्य मेंदूस मंद करितें; तें नित्य येऊं लागलें म्हणजे मेंदू त्याविरुद्ध आपला वेग वाढवून ठेवितो. मद्य एकाएकीं बंद झालें कीं तो वेग मोकळा सुटतो. सहा ते चोवीस तासांत कंप, घाम, मळमळ व निद्रानाश सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत आंचके येऊं शकतात. आणि दुसऱ्या ते चवथ्या दिवसाच्या सुमारास कांहींजणांस सन्निपात होतो, त्यांत प्राणहि जातो. म्हणून ज्याचा हात सकाळीं कांपतो, त्यानें दारू अवश्य सोडावी, परंतु डॉक्टराच्या देखरेखीखालीं सोडावी.

आतां ओळखीच्या खुणा सांगतों. डॉक्टर लोक चार साधे प्रश्न विचारतात. पिणें कमी करावें असें तुम्हांस कधीं वाटलें काय? कोणीं त्याविषयीं बोललें म्हणजे चीड येते काय? पिण्याबद्दल मनास अपराधी वाटलें काय? सकाळीं उठतांच हात स्थिर करण्यास घोट घ्यावा लागला काय? ह्यांतील दोहोंस ‘होय’ असें उत्तर आलें तर डॉक्टराची भेट टाळूं नये. शेवटच्या एकट्यास आलें तरी टाळूं नये. ‘त्याला कितीहि चढत नाहीं’ असें आपण कौतुकानें म्हणतों. वस्तुतः दोन पेल्यांचें काम पांच पेल्यांवर जाणें, हें शरीर पराधीन होत असल्याचें चिन्ह आहे. ‘एकच घेतों’ म्हणून बसणें व न उठवणें, बाटली लपविणें, कामावर खाडे, यकृताविषयीं बजाविल्यावरहि पिणें, हीं सारीं त्याच रोगाचीं लक्षणें होत.

घरच्यांसहि माझी विनंति आहे. धन्यास ‘ताप आला’ म्हणून निरोप पाठवूं नका. गुत्तेवाल्याची उधारी भागवूं नका. प्यालेल्याशीं वाद घालूं नका. तो शुद्धीवर असतां शांतपणें बोला. जेवणांत त्याच्या नकळत गोळी किंवा पूड मुळींच मिसळूं नका. अशा कांहीं औषधांवर मद्य पोटांत गेल्यास प्राणावर बेततें.

साह्य दूर नाहीं. मुंबईस वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारांत फादर जोसेफ परेरा यांनीं १९८१ सालीं ‘कृपा’ संस्था सुरू केली. पुण्यास १९८६ सालीं डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनीं ‘मुक्तांगण’ स्थापिलें. अमेरिकेंत १९३५ सालीं दोन मद्यपींनीं परस्परांस आधार देत ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’चा आरंभ केला, त्या पद्धतीच्या सभा आपल्याकडेहि भरतात. औषधानें शरीर सांवरतें, परंतु पुढील दीर्घ वाट सोबतीशिवाय चालवत नाहीं.

डब्लिनचा मजूर मॅट टॅलबट बाराव्या वर्षापासून पीत असे. १८८४ सालीं त्यानें प्रथम केवळ तीन महिन्यांची शपथ घेतली, मग ती वाढवीत नेली, व १९२५ सालीं मरेपर्यंत पुन्हां मद्यास स्पर्श केला नाहीं. १९७५ सालीं ख्रिस्तसभेनें त्यास ‘आदरणीय’ ही पदवी दिली. त्याच्या काळीं आजच्यासारखे उपचार नव्हते. आपल्या काळीं आहेत, आणि ते घेण्यांत शपथेचा अपमान नाहीं.

म्हणून येत्या राखेच्या बुधवारीं कोणी दारू सोडूं लागला तर त्याचे चाळीस दिवस मोजूं नका. त्याचा हात पाहा. तो कांपत असेल तर त्यास दोष न देतां त्याच दिवशीं दवाखान्यांत न्या. माझ्या काकांस आम्हीं नेलें नाहीं. तुम्हीं आपल्या माणसास न्या, एवढेंच माझें मागणें आहे.