सेवा करणाऱ्याच्या खात्यात



दिव्यांगांच्या आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या पुनर्वसनावर या परिषदेत मोलाची चर्चा झाली. त्यांची सेवा करणाऱ्या घरच्या माणसाला जगायला पैसा कुठून येतो, हा प्रश्न मात्र बाकी राहिला. मी तेवढ्यावरच बोलणार आहे.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. सासूला लकवा मारला, किंवा पोराला सेरेब्रल पाल्सी असली, की बाई गावी थांबते. नवरा अर्धा कोयता म्हणून जातो आणि उचलही निम्मी होते. घरच्या सेवेची किंमत ठरवता येत नाही, असं या जिल्ह्यात तरी कुणी म्हणू नये. मुकादमाने ती कधीच ठरवली आहे. कूस बदलणं, भरवणं, हगणं-मुतणं काढणं, रात्री दर दोन तासांनी उठणं हे सगळं ती बाई करते, आणि वर निम्म्या उचलीचा तोटाही तिचं घर सोसतं. तो तोटा कुठल्या सरकारी हिशेबात येत नाही.

सरकार काहीच देत नाही असं नाही. 1980 पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिची रक्कम महिना 1500 रुपये झाली आणि 2025 मध्ये दिव्यांगांसाठी ती 2500 केली गेली. या वाढीचं स्वागतच. पण ते पैसे दिव्यांगाचे आहेत, त्याच्या औषधाचे, लंगोटांचे, तालुक्याला नेणाऱ्या रिक्षाचे. काम सोडून घरी बसलेल्या आईच्या नावाने त्यात एक रुपया नाही. उलट, वर्षाला लाखांनी कमावणाऱ्या कुटुंबाला दिव्यांग नातलगाच्या सांभाळासाठी आयकर कायद्यात 75 हजारांची, तीव्र दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट होती. कर भरणाऱ्या घराचा सांभाळ सरकारला दिसतो आणि कोयता घेऊन जाणाऱ्या घराचा दिसत नाही. हा अन्याय आहे.

सेवा करणाऱ्याला स्वतंत्र भत्ता मिळावा, ही आपली मागणी आहे. त्यात आपण नवं काही मागत नाही आहोत. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सेवा करणाऱ्याची व्याख्या केली, तीत आईवडील आणि घरची माणसं आली, मोबदला न घेणारीसुद्धा आली. त्याच कायद्याच्या 24 व्या कलमात, जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी सेवकभत्त्याचा उल्लेख आहे. केरळने ‘आश्वासकिरणम्’ योजनेत सेवा करणाऱ्यासाठी महिना 600 रुपये ठरवले. रक्कम फार थोडी आहे, पण सेवा करणारा माणूस त्यांनी वेगळा मोजला. 2022 मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढणाऱ्या महाराष्ट्राने एवढंही करू नये?

‘ती तर घरीच असते,’ हे उत्तर आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. ब्रिटनमध्येही हेच ऐकवलं जात होतं. तिथे 1976 मध्ये सेवाभत्ता सुरू झाला आणि विवाहित स्त्रियांना वगळलं गेलं, कारण त्या एरवीही घरीच असणार. आजारी आईसाठी नोकरी सोडलेल्या जॅकलिन ड्रेक त्याविरुद्ध लढल्या, युरोपीय न्यायालयापर्यंत गेल्या, आणि 1986 मध्ये जिंकल्या. आपल्याकडे ती अट कागदावर यायच्या आधीच तिला विरोध केला पाहिजे.

भत्त्यामुळे बाई घराला आणखी बांधली जाईल, अशी शंका आपल्यातल्याच काही मैत्रिणींनी मांडली. शंका रास्त आहे. 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात 15 ते 59 वयाच्या 41 टक्के स्त्रिया घरच्यांच्या सांभाळात दिसल्या, पुरुष 21.4 टक्के. म्हणून भत्ता नात्याला किंवा लिंगाला न जोडता जो सेवा करतो त्याच्या खात्यात जावा. मुलगा करत असेल तर मुलाच्या. त्याच्या जोडीला वर्षातून काही दिवस बदली माणूस मिळावा. तशी माणसं तयार करणं या मातीला अवघड नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून फारसं न शिकलेल्या खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभं केलं, त्याच जिल्ह्यात आपण बसलो आहोत.

एका गोष्टीची फार काळजी घ्या. महिना 1500 किंवा त्याहून जास्त दुसऱ्या सरकारी योजनेतून मिळत असतील, तर लाडकी बहीण योजनेचा लाभ मिळत नाही. सेवाभत्ता असा आला की एका हाताने दिला आणि दुसऱ्याने काढून घेतला, तर आपण काहीच मिळवलं नाही. ‘इतर कोणत्याही लाभाव्यतिरिक्त’ हे शब्द या परिषदेच्या ठरावात हवेत. आणि 21 हजारांच्या वार्षिक उत्पन्नाची निराधार योजनेतली मर्यादा या भत्त्याला लावू नये. महिन्याला 1750 रुपयांत कुठलं घर चालतं?

मुंबईहून निर्णय येईपर्यंत थांबायचं कारण नाही. ग्रामपंचायतींकडे दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी राखून ठेवलेला असतो. त्यातून सेवा करणाऱ्यांचं प्रशिक्षण आणि बदली माणसाची मजुरी मंजूर व्हावी, असा आग्रह येत्या ग्रामसभांत धरा. आशाताई घरोघरी जातात, त्यांच्या वहीत ‘सेवा कोण करतं, त्यासाठी कोणतं काम सोडलं’ हा रकाना वाढवावा असा अर्ज करा, आणि त्या कामाचा वेगळा मोबदला आशांना मिळालाच पाहिजे हेही त्याच अर्जात लिहा. जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांतल्या सेवा करणाऱ्यांच्या याद्या पुढच्या अर्थसंकल्पाआधी जिल्हा परिषदेकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पोहोचल्या पाहिजेत. ती जबाबदारी तालुकावार वाटून घेऊनच आज आपण उठू.