पाच नगरे, एक आकाश



अठराव्या शतकाच्या आरंभी महाराजा सवाई जयसिंह यांच्यासमोर एक अडचण उभी राहिली. कोष्टके हिंदू असोत, अरबी असोत वा युरोपीय, त्यांतील ग्रहस्थिती प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नव्हती. तिथी, मुहूर्त, ग्रहणे सारे याच गणितावर उभे. त्यामुळे ही चिंता केवळ पंडितांपुरती नव्हती.

प्रथम त्यांनी पितळी यंत्रे करवून घेतली. परंतु त्यांचे आस झिजत, मध्यबिंदू सरकत. म्हणून दगडचुन्याची अचल यंत्रे उभारण्याचे ठरले. १७२४ च्या सुमारास दिल्लीची वेधशाळा झाली. पुढे जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन. केवळ वैभव मिरवायचे असते तर एक पुरली असती! दिल्लीचे वेध अन्य नगरांतील वेधांनी पडताळावेत, हा हेतू ‘झीज मुहम्मदशाही’च्या प्रस्तावनेत स्पष्ट नोंदवलेला आहे.

सम्राट यंत्राची तिरकी भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर असते. त्यामुळे तिचा कल स्थळागणिक बदलतो. उज्जैनला तो सुमारे २३ अंश, जयपूरला २७, तर दिल्लीला साडेअठ्ठावीस. जयपूरच्या सुमारे २७ मीटर उंच यंत्रावर सावली सेकंदाला जवळजवळ एक मिलिमीटर सरकताना दिसते. मात्र सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाचे बिंब आहे. साहजिकच सावलीची कड पुसट पडते, आणि यंत्र मोठे केले तरी ती पुसटता त्याच प्रमाणात वाढते.

या कार्यात जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित होते. टॉलेमी आणि युक्लिड यांचे ग्रंथ त्यांनी अरबीतून संस्कृतात आणले. फादर फिगेरेदो यांच्यासह पोर्तुगालला धाडलेल्या मंडळाने द ला हीर यांची कोष्टके आणली. त्यांतही चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाचा फरक निघाला. परदेशी ग्रंथ म्हणून तो डोळे मिटून स्वीकारला गेला नाही, ही गोष्ट यंत्रांच्या उंचीपेक्षा मोठी मानावी लागेल.

१७४३ मध्ये महाराज निवर्तले आणि निरीक्षक पांगले. मथुरेची वेधशाळा पुढे नामशेष झाली. उज्जैनच्या वाट्यालाही दीर्घ उपेक्षा आली. परंतु १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला. गोविंद सदाशिव आपटे यांनी त्यासाठी आग्रह धरला होता, आणि तिची धुराही त्यांनीच वाहिली. त्या वेधशाळेतून ग्रहस्थितीचे वार्षिक पंचांग आजही प्रसिद्ध होते.